पाटीच्या कोपऱ्यातली सही

मी चौथी नापास. तरी टिळकवाडीतल्या कॉलेजात ग्राफिक डिझाइनच्या पोरांना अक्षर शिकवायला दर मंगळवारी कंग्राळीहून मलाच बोलावतात. का? खडेबाजारातल्या निम्म्या पाट्या या हातानं रंगवल्यात, कॉम्प्युटरला न शिवता. पहिल्याच दिवशी पोरांना सांगितलं, मला सर म्हणायचं न्हाय, अण्णा म्हणा.

आमच्या सीमाभागातल्या पेंटरची एक रीत आहे. खडूत घोळलेली दोरी फळीवर ताणायची आणि टपकन सोडायची. रेघ उठते. त्या रेघेवर कानडी बसवायची आणि त्याच रेघेला खालून मराठी टांगायची. कानडी अक्षर बूड टेकून बसतं, मराठी वरून लोंबतं. एका रेघेत दोघींचं भागतं. बाजारात कानडी मोठी काढावी लागते, तो सरकारी नियम मी जन्मभर पाळला. पण वर्गातल्या फळीला कसला आलाय नियम? "दोन्ही सारख्या मापाच्या काढा," असं मी पोरांना म्हणालो. मीच म्हणालो, हे आधीच लिहून ठेवतो.

वर्गात निपाणीची एक पोरगी होती. घरी मराठी, दुकानात कानडी, दोन्हीकडं हात सारखाच वळायचा. तिनं बापाच्या कापडदुकानाची पाटी काढली. इतकी नेटकी, की मला माझं तरुणपण आठवलं. मी म्हणालो, "कोपऱ्यात सही कर गं. नाव, गाव, सगळं. पेंटरनं लाजायचं न्हाय." तिनं केली. वर्षअखेरच्या प्रदर्शनात ती पाटी दारातच लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसं आली. बाकी काहीच बघितलं नाही. एकानं पाटीला वीत लावली, आधी कानडीला, मग मराठीला. दुसऱ्यानं कोपऱ्यातल्या सहीचा फोटो काढला. चहा विचारला तर नुसती मान हलवली आणि गेली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

दुपारपर्यंत मुख्य सरांना दोन फोन आले. एक म्हणाला, मराठी एवढी मोठी का? दुसरा म्हणाला, कानडी वर का?

"अण्णा, ती पाटी आत घ्या," सर म्हणाले.

"का? रंग वघळलाय?"

"चेष्टा नको. तिच्या वडिलांच्या दुकानाचा पत्ता विचारत होते. दोघंही."

मी पोरीला गाठलं. ती फोन हातात धरून जिन्यात बसली होती.

"वडिलांचा फोन होता, अण्णा. मघापासून दुकानासमोरच्या बाकावर कोण तरी बसलंय म्हणे. काही घेत नाहीत, काही बोलत नाहीत."

"मग काढूया का गं खाली?"

"तुम्हीच म्हणालात ना, लाजायचं नाही? राहू दे."

तिथंच मी ती पाटी उतरवायला पाहिजे होती. पण माझ्या शिकवणीची पाटी चार लोकांच्या धाकानं खाली येणार, हे मला सोसेना. ती घरी फोन लावायला बाहेर गेली. मी ब्रश घेतला, कोपऱ्यातलं तिचं नाव काळ्यानं बुजवलं आणि वर पांढऱ्यानं माझं नाव काढलं. खाली कंग्राळी. लई ऐटीत काढलं.

ती परत आली.

"अण्णा, हे काय केलंत?"

"आता इचारतील ते मला इचारतील. तू निवांत रहा."

"पण पाटी मी काढली होती."

"व्हय गं, पण…"

"मी काढली होती," ती पुन्हा म्हणाली, हळूच. मग तिनं तिचे ब्रश घासलेटात धुतले, फडक्यात गुंडाळले आणि निघून गेली.

बसमध्ये मी छाती फुगवून बसलो होतो. कंग्राळीच्या फाट्यावर उतरताना डोक्यात आलं, फोटो तर सकाळीच निघाला होता. त्यात नाव तिचंच होतं.

पुढच्या मंगळवारी ती वर्गात नव्हती. त्याच्या पुढच्याही. सर म्हणाले, बापानं दुकानावरची जुनी पाटीही उतरवून आत ठेवलीय, बाकावर मात्र अजून कोणी ना कोणी असतंच.

मी रोज सकाळी दारात खुर्ची टाकून बसतो. त्या पाटीवर माझं नाव, माझं गाव ठळक काढलंय, कुणालाही वाचता यावं असं. अजून माझ्याकडं कुणीच आलेलं नाही.