जयराम पगारे यांनी अमान्य केलेली मधमाशी

सातपूरच्या एका कारखान्यात जयराम पगारे यांनी एकतीस वर्षे तपासनीस म्हणून काम केले. यंत्रावरून उतरलेला नग त्यांच्या टेबलावर येई. आराखड्याशी मापे जुळली तर पुढे जाई, नाही जुळली तर त्यावर लाल ठिपका पडे आणि तो बाजूला ठेवला जाई. निवृत्तीनंतरही ही शिस्त सुटली नाही. आमच्या वसाहतीतल्या विहारासाठी नव्या खुर्च्या आल्या, तेव्हा त्यांनी प्रत्येक खुर्ची उलटी करून पाहिली आणि चाळीसपैकी तीन परत पाठवल्या. त्यांचे एक वाक्य मला पाठ झाले आहे: "सर, शंभर मापं जुळली म्हणून नग पास होत नाही. एक चुकलं की संपलं."

मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो. आमची घरे समोरासमोर आहेत.

गेल्या फेब्रुवारीत एका गुरुवारी सकाळी साडेनऊ वाजता जयरामराव माझ्याकडे आले. चहा नको, असे त्यांनी दारातूनच सांगितले. त्यावरूनच प्रकरण गंभीर असल्याचे मी ओळखले. त्यांची मुलगी प्रतिभा शेजारच्या गल्लीत अंगणवाडी चालवते. दोन वर्षांपूर्वी तिला एका मधमाशीने मानेवर डंख केला, आणि पाव तासाच्या आत तिचा श्वास कोंडला. ती वाचली, परंतु पुढचा डंख जिवावर बेतू शकतो, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. आता चार दिवसांपासून अंगणवाडीच्या अंगणात केसाळ, गुणगुणणाऱ्या माश्या घिरट्या घालत होत्या. प्रतिभा दारे-खिडक्या लावून मुलांना आत बसवत होती. त्या दिवशी दुपारी बारा वाजता पर्यवेक्षिका येणार होत्या, आणि त्यांच्या हाती देण्यासाठी तिने राजीनामा लिहून ठेवला होता.

"नोकरी तिला जीव की प्राण आहे," जयरामराव म्हणाले. "पण मीच म्हणालो, लिही. तुम्ही फक्त एवढं सांगा, या कुठल्या जातीच्या मधमाश्या आहेत. म्हणजे पोळं शोधून हलवता तरी येईल."

त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. कारखान्यातल्या अहवालासारखे त्यावर रकाने आखलेले होते. अंगावर दाट तपकिरी केस: जुळते. गुणगुण: जुळते. फुलावर येते: जुळते. नांगी, लांब, सरळ, उडतानाही दिसते: जुळते. खाली लाल पेन्सिलीने निष्कर्ष होता: मधमाशी.

कीटक हा माझा विषय नव्हे. पण शेवटच्या ओळीपाशी मी अडलो. ही नांगी शरीराच्या कोणत्या टोकाला आहे, असे मी विचारले.

"पुढे. तोंडातून सरळ निघालेली, सुईसारखी," असे सांगता सांगता ते थांबले. मधमाशीची नांगी पोटाच्या मागच्या टोकाला असते, हे तर शाळकरी मुलालाही ठाऊक असते.

त्यांनी तो कागद पुन्हा आपल्याकडे ओढला. मग म्हणाले, "पोरीचं नाव आलं, आणि मी जुळणारीच मापं मोजत बसलो."

त्यानंतर मात्र त्यांनी एक क्षणही दवडला नाही. तपासणीसाठी नमुना हवा, आणि शेजारी खात्रीचा दुसरा नमुनाही हवा, असे त्यांनी ठरवले. माझ्या खिडकीच्या चौकटीत एक मेलेली मधमाशी सापडली. ती काडेपेटीत ठेवली. काचेचा पेला, एक जाड कार्ड आणि माझे भिंग घेऊन आम्ही साडेदहाला अंगणवाडीत पोहोचलो.

दारात मदतनीस बयाबाई उभ्या होत्या. "या दादा," त्या म्हणाल्या, "तुमच्या पोरीनं आम्हाला बरणीतल्या लोणच्यासारखं कोंडलंय. आता मुरायचंच राहिलंय."

अंगणाच्या कडेला एकदांडीची फुले उमलली होती. त्यांच्यासमोर ती माशी हवेत एका जागी खिळून राही, क्षणात हातभर सरके, पुन्हा खिळे. तिची लांब सुई फुलात शिरलेली मी पाहिली. ती रस पिण्याची सोंड होती. थोड्या वेळाने एक माशी उन्हाने तापलेल्या फरशीवर उतरली. जयरामरावांनी तिच्यावर पेला ठेवला, खालून कार्ड सरकवले आणि सगळे सावलीत आणले.

भिंगातून पाहणी सुरू झाली. मी दिसेल ते सांगत गेलो, ते दोन्ही नमुने ताडून पाहत गेले. बसताना ही माशी पंख पाठीवर मिटत नव्हती. ते विमानासारखे बाजूला पसरलेले होते, आणि त्यांची पुढची कड गडद होती. डोळे इतके मोठे की जवळजवळ सारे डोके त्यांनीच व्यापले होते. मिशा अगदी आखूड. मधमाशीच्या मागच्या पायांवर पराग वाहण्यासाठी जी रुंद, चपटी जागा असते, ती इथे नव्हती; पाय बारीक काड्यांसारखे होते. कमरही मधमाशीसारखी आवळलेली नव्हती.

पंख मोजण्याचे काम त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवले. मधमाशीला चार पंख असतात, परंतु मागचे पुढच्यांना अडकलेले असल्याने वरवर दोनच वाटतात. म्हणून त्यांनी मेलेल्या मधमाशीचे पंख टाचणीने आधी वेगळे करून पाहिले. मग पेल्यातल्या माशीकडे वळले. तिला दोनच पंख होते. मागच्या पंखांच्या जागी दोन्ही बाजूंना टाचणीच्या डोक्याएवढी एकेक गाठ होती, उडताना तोल राखणारी. अशी गाठ माशीलाच असते, मधमाशीला कधीच नाही. माश्यांमध्ये मधमाशीचे सोंग घेणारे एक मोठे कुळ आहे आणि त्याला नांगी नसते, एवढे मी पूर्वी वाचले होते. आता त्याची ओळख पटली.

प्रतिभा खिडकीच्या जाळीआडून हे सारे पाहत होती. जयरामरावांनी पेल्याखाली आपला तळहात सरकवला. माशी त्यावर चालली, थांबली, आपली सोंड पायांनी पुसू लागली. त्यांनी पेला उचलला. ती उडून गेली.

"बाबा, नक्की?" आतून आवाज आला.

"लिहून देतो."

"द्या."

त्यांनी जुना निष्कर्ष लाल रेघेने खोडला आणि खाली लिहिले: मधमाशी, अमान्य. सही केली, तारीख घातली, वेळ घातली: अकरा वाजून पाच मिनिटे. दुसरी सही माझी. कागद जाळीच्या फटीतून आत गेला. प्रतिभाने तो दोनदा वाचला असावा, कारण कडी निघायला तितकाच वेळ लागला. मग दार उघडले आणि सतरा मुले तिच्या दोन्ही बाजूंनी अंगणात सांडली.

जयरामराव पायरीवर बसले. बयाबाईंनी पाणी आणून दिले आणि बजावले, "दादा, पेला तोच आहे, धुतलाय." ते इतके हसले की पाणी सदऱ्यावर सांडले.

बारा वाजता पर्यवेक्षिका आल्या, तेव्हा मुले उन्हात बसून गाणे म्हणत होती. राजीनामा प्रतिभाच्या कपाटातच राहिला. अहवाल मात्र वेळापत्रकाशेजारी लागला आहे, कारण खऱ्या मधमाश्याही त्या फुलांवर येऊ शकतात आणि फरक प्रतिभा आणि बयाबाई दोघींनाही ओळखता आला पाहिजे, असा जयरामरावांचा आग्रह आहे. डॉक्टरांनी दिलेली इंजेक्शनची कुपी प्रतिभाच्या पिशवीत असतेच. दर महिन्याच्या एक तारखेला जयरामराव ती उजेडात धरतात, मुदतीची तारीख वाचतात, आणि परत ठेवतात.