मेढीजवळचा बैल

किन्हवलीकडच्या आमच्या गावात तेव्हा भाताच्या मळणीला बैलच असत. मी शहापूरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरातून तिथवर गेलेली पहिलीच. मला पुढे पुण्याला शिकायला जायचं होतं. मामाने मात्र भातसानगरला माझ्यासाठी नोकरी पाहिली होती आणि त्या दिवशी तो उत्तर घ्यायला खळ्यावर आला होता.

"शिकून काय बघनार तू?" खळ्यावर बैलांमागे फिरता फिरता वडिलांनी विचारलं.

मी अडखळत सांगू लागले. दूरवर दीर्घिका असतात, ताऱ्यांची अफाट गावंच. काहींच्या मध्यभागी जागं असलेलं कृष्णविवर असतं. त्याच्याभोवती तापलेला वायू गरगरतो आणि तिथून एक्स-रे निघतात. ते हवेतून खाली पोचत नाहीत, म्हणून दुर्बीण उपग्रहावर ठेवावी लागते.

"काळंच बघायचं तर चुलीत बघ गो," मामा म्हणाला. "त्याला पुन्याला कशाला जायला पायजे?"

वडील हसले नाहीत. मी मधोमध रोवलेल्या मेढीकडे, बैल ज्याभोवती फिरत होते त्या खांबाकडे, बोट दाखवलं. इथे मेढीजवळचा बैल जागच्या जागी पाय उचलतो, बाहेरच्याला धावावं लागतं. तिथे, कृष्णविवराभोवती, उलटं. आतला सगळ्यात जोरात धावतो.

"मंग तो मेढीत पडत कसा नाय?"

फार जवळ गेला तर पडतो, मी म्हटलं. पण मेढच जोरात फिरत असेल तर ती खळंही सोबत ओढते, आणि बैलाला न पडता आणखी जवळून फिरता येतं. तितक्या आतून निघालेला, वायूतल्या लोखंडाचा एक्स-रे बाहेर येईपर्यंत दमतो. तो किती दमलाय, त्यावरून मेढ किती जोरात फिरते ते कळतं.

बोलता बोलता माझं मलाच ऐकू येईना. उन्हात कोंडा तरंगत होता, सोनेरी, संथ. क्षणभर वाटलं, पायाखालचं खळं खरंच हलतंय. नक्की सांगता येत नाही.

हे सगळं तुला समजलंय का, असं वडिलांनी विचारलं. थोडंच, मी म्हटलं.

"पावणं," ते मामाकडे वळले, "ती नोकरी दुसऱ्या कुनाला द्या. हिचं समजायचं बाकी हाय अजून."

मामा चपला शोधू लागला. वडिलांनी कासरा माझ्या हातात दिला आणि ते पाणी प्यायला गेले. मी बैलांमागून चालत राहिले. पेंढा पायांना उबदार लागत होता, आणि थांबावंसं वाटत नव्हतं.