ओल्या कचऱ्याच्या डब्यातलं पाणी

उमापूरच्या पुढे आत वळलं की एक गाव लागतं. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी बाई होते. दुष्काळाचं वर्ष होतं आणि त्यातच आमच्या शाळेला पंचायत समितीकडून कचऱ्याचे दोन डबे आले. हिरवा ओल्या कचऱ्याचा, निळा सुक्या कचऱ्याचा. चांगले कमरेएवढे उंच, घट्ट झाकणाचे, कोरे करकरीत. गावात टँकर कधी यायचा, कधी नाही. आला की माणसं घागरी, कळश्या, तेलाचे रिकामे डबे, हाताला लागेल ते घेऊन धावायची. आमचे एक गावकरी तर एकदा मोटरसायकलचं हेल्मेट घेऊन उभे होते. अशा गावात झाकणाचे दोन कोरे डबे पाठवायचे आणि वर सांगायचं, यात कचरा टाका! पाठवणाऱ्याला हात जोडावेत की त्याचा कान धरावा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींना असलं काही ठरवत बसायला वेळ नव्हता. त्यांनी दोन्ही डबे पदराने पुसले आणि पुढचा टँकर आला तेव्हा भरून घेतले. हिरव्यात स्वयंपाकाचं आणि पिण्याचं पाणी, निळ्यात भांड्यांचं.

त्या पाण्यावर आमचं सगळं अडलं होतं. तालुक्याहून निरोप आला होता की पाण्याची सोय नसेल तर शिजवणं बंद करा, तांदूळ-डाळ मुलांच्या घरी वाटून टाका. घरी म्हणजे कुणाच्या घरी? निम्मी मुलं आजी-आजोबांकडे राहिलेली, आई-बाप कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेले. त्या वर्षी उसालाच पाणी नाही म्हटल्यावर कारखान्याने लवकर धुराडं बंद केलं. माणसं हात हलवत परत आली आणि घरात खाणारी तोंडं तेवढी वाढली. कितीतरी पोरांचं दिवसातलं पोटभर जेवण म्हणजे आमची खिचडी. ती बंद पडली असती तर मला वर्गात उभं राहून ‘आपला आहार’ हा धडा शिकवता आला नसता.

डब्यांवर राखण होती स्वच्छतामंत्र्यांची. बालमंत्रिमंडळात चौथीतली एक मुलगी या खात्यावर निवडून आली होती. आजीकडे राहायची. अंगाने काडी, आवाज मात्र ग्रामसभेत शोभेल असा. मधल्या सुट्टीत ती हिरव्या डब्याच्या झाकणावर मांडी घालून बसायची. कुणी पाणी मागितलं की आधी विचारायची, “कावून पाह्यजे? प्यायला का हात धुवायला?” हात धुवायला म्हणणाऱ्यासाठी ती उठायचीच नाही. मोठ्या गुरुजींनासुद्धा, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांना, तिने एकदा हात पुसून घ्यायला लावले होते.

अशात दूध संघाच्या चेअरमन साहेबांनी स्पर्धा जाहीर केली. आमच्याकडे माणूस कुठल्या ना कुठल्या सोसायटीचा सभासद असतोच, आणि चेअरमन काही बोलले की ते सगळ्या तालुक्याला ऐकावं लागतं. ज्या शाळेत कचऱ्याचं व्यवस्थापन उत्तम, त्या शाळेला पाण्याची मोठी टाकी बक्षीस. चेअरमन स्वतः पाहणीला येणार.

टाकी हा शब्द ऐकल्यापासून मोठ्या गुरुजींचं जेवणावरचं लक्ष उडालं. शाळेच्या कोपऱ्यात चौथरा कुठे बांधायचा, नळाची तोटी कुठल्या बाजूला ठेवायची, सगळं ठरलं. टाकी आली की पाऊस पडेपर्यंत खिचडीला मरण नव्हतं. एकच अडचण होती. व्यवस्थापन दाखवायला कचरा पाहिजे, आणि तो आमच्याकडे नव्हता.

आम्ही शोधला हो. खरंच शोधला. कांद्याची साल मावशींच्या शेळीला जायची. ताटं मुलं बोटाने अशी पुसायची की धुणाऱ्याला काम उरायचं नाही. वह्यांचे जुने कागद चुलीला, चुलीची राख भांड्यांना, भांड्यांचं पाणी दारातल्या लिंबाला. पेन्सिलीचा बोटभर तुकडाही कुणी टाकत नव्हतं, काडीला बांधून त्याने परीक्षा द्यायचे. कंपोस्टचा खड्डा आम्ही शासनाच्या मापाने खणला होता, त्यात दुपारी गावातलं एक कुत्रं गारव्याला झोपायचं.

मोठे गुरुजी माझ्यावरच चिडले. “बाई, असं कसं चालेल? एवढी मोठी शाळा आणि मूठभर कचरा निघंना? लोक काय म्हनतील?”

“माझ्या घरून आणू का?” मी म्हटलं.

“हाय का?” त्यांनी लगेच विचारलं. माणूस घायकुतीला आला होता.

शेवटी पाहणीच्या आदल्या दिवशी ते मोटरसायकलवरून उमापूरच्या बाजारात गेले आणि पोतंभर कचरा घेऊन आले. कोबीचा पाला, सडके टोमॅटो, केळाच्या साली. तोही सुखासुखी मिळाला नव्हता. एका बैलवाल्याने तो आधीच सांगून ठेवला होता. “जनावराच्या तोंडचं काढून शाळंत काय करता, गुरुजी?” असं तो चारचौघांत म्हणाला. गुरुजींनी त्याला कचऱ्याचं शैक्षणिक महत्त्व समजावून सांगितलं म्हणे. पोतं कार्यालयात कुलूप लावून ठेवलं. आजवर त्या खोलीत कुलपात ठेवण्यासारखं काहीच आलं नव्हतं.

मी स्वच्छतामंत्र्यांची तयारी करून घेतली. “ओला कचरा म्हणजे उरलेलं अन्न, फळांच्या साली, भाज्यांचे देठ,” हे ती पाढ्यासारखं म्हणायला लागली. उठता-बसता म्हणायची. शेवटी मीच तिला गप्प बस म्हटलं.

बेत साधा होता. सकाळी बायका घरून घागरी घेऊन येणार, हिरव्या डब्यातलं पाणी त्यांत काढायचं, पोतं डब्यात रिकामं करायचं, साहेब गेले की डबा धुऊन पुन्हा पाणी. बायका आल्याही. पहिली घागर डब्यात बुडवणार तोच वेशीवर टँकरचा हॉर्न वाजला. कित्येक दिवस न आलेला टँकर नेमका त्या सकाळी आला. शाळेत एक घागर उरली नाही. मोठे गुरुजी मागून ओरडत होते, “अवो बायांनो, टाकी येनार हाय!” पण दिसणारा टँकर सोडून न आलेल्या टाकीसाठी थांबायला बायका काही खुळ्या नव्हत्या.

“ऱ्हाऊ द्या,” गुरुजी घाम पुसत म्हणाले. “पोतं डब्याशेजारी ठिवू. झाकन उघडूच द्यायचं न्हाई.”

पोतं उघड्यावर आलं मात्र, आणि गावातल्या शेळ्यांना बातमी लागली. हिरवा पाला त्यांनी दिवाळीपासून पाहिला नव्हता. चेअरमन साहेबांची जीप फाटकातून आत आली तेव्हा आमचं सगळं व्यवस्थापन शेळ्यांच्या तोंडात होतं. एक बोकड तर पोतंच ओढत ध्वजस्तंभाला प्रदक्षिणा घालत होता.

साहेब उन्हातून आले होते. मावशींनी रीतीप्रमाणे तांब्याभर पाणी दिलं. साहेबांनी ते घटाघटा पिऊन संपवलं, मिशा पुसल्या आणि म्हणाले, “हं. ओला कचरा दाखवा.”

मोठे गुरुजी डब्याला पाठ लावून उभे राहिले. स्वच्छतामंत्री वर बसलेल्याच होत्या. त्यांनी खड्या आवाजात सुरू केलं, “ओला कचरा म्हणजे उरलेलं अन्न, फळांच्या साली...”

“शाब्बास. ऊठ बाळा,” साहेब म्हणाले.

“कावून? तुमी आताच पिलात की!”

साहेबांनी तिला अलगद उचलून खाली ठेवलं आणि झाकण उघडलं. आत नितळ पाणी. काठाला ओगराळं टांगलेलं. साहेबांनी डब्यावरची अक्षरं वाचली, आत पाहिलं, पुन्हा अक्षरं वाचली.

“मी हेच पिलो का?”

“व्हय,” मावशी म्हणाल्या. “समदी हेच पितेत. अजून देऊ?”

साहेबांनी डब्याकडे पाहिलं, आमच्या लेकरांकडे पाहिलं आणि स्वतःच झाकण लावलं. मग घसा खाकरून म्हणाले, “गुरुजी, कचराच न्हाई म्हनल्यावर मी मार्क कशाला द्यायचे?”

“पुढच्या वर्षी आम्ही कचरा पेरून ठेवतो, साहेब,” मी बोलून गेले. माझी जीभ अशीच आहे. मोठ्या गुरुजींनी डोळे मिटून घेतले.

टाकी आम्हाला मिळाली नाही. पण त्यानंतर टँकर गावात आला की आधी शाळेपुढे थांबायला लागला. ड्रायव्हरला कारण विचारलं तर म्हणाला, “चेअरमन सायबाचा निरोप हाय.” हिरवा डबा पहिल्या धारेने भरायचा. त्या पाण्यावर पाऊस पडेपर्यंत आमची खिचडी एक दिवस बंद पडली नाही. मावशींनी साहेबांना मनापासून आशीर्वाद दिले, आणि मीही साहेबांना मारलेल्या टोमण्यातले थोडे शब्द मागे घेतले.

थोडेच. कारण बक्षीस मिळालेल्या शाळेकडून काही शिकावं म्हणून आम्हाला तिथे अभ्यासभेटीला पाठवण्यात आलं. दूध आटल्यामुळे संघाचा टेम्पो रिकामाच होता, त्यातून मुलांना नेलं. तालुक्याच्या गावची शाळा, रंगवलेली, फरशी घातलेली. टाकी गच्चीवर, आधीच्या दोन टाक्यांशेजारी. आणि व्हरांड्यात आमच्याकडे होता तसाच हिरवा डबा. तिथल्या बाईंनी कौतुकाने झाकण उघडलं. आत अर्ध्या अर्ध्या पोळ्या होत्या, भाताचे गोळे, एक न उष्टावलेलं केळं, कुणाचा तरी तुपातला शिरा.

“आता सांगा बरं, याला काय म्हणतात?” त्या बाईंनी आमच्या मुलांना विचारलं.

आमची मुलं स्वच्छतामंत्र्यांकडे बघायला लागली. उत्तर तिला झोपेतही पाठ होतं. पण ती डब्यात वाकून बघत होती. मग सरळ झाली आणि त्या साऱ्या पटांगणाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, “कुनाचा डबा सांडलाय इथं?”

तिथली मुलं हसली. कुणी पुढे आलं नाही. तिने थोडा वेळ वाट पाहिली, झाकण घट्ट लावलं आणि वर मांडी घालून बसली.

मी वर्गाच्या खिडकीकडे तोंड केलं. कुणाचा राग येत होता तेही कळेना. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी तिला हाताला धरून म्हटलं, “चल गं, उशीर होतोय.”

“थांबा की बाई,” ती म्हणाली. “ज्याचं हाय ते येईल की आता. उपाशी आसंल.”