इंगळेभाऊंची शेवटची शिट्टी

इंगळेभाऊ शिट्टी वाजवण्याआधी तोंडाने सांगून बघायचे. बास्केटखालच्या रंगवलेल्या चौकटीत कुणी तीन सेकंदांच्या वर रेंगाळायला लागलं, की ओठांतली शिट्टी न काढताच पुटपुटायचे, "निंघ बावा तिथून." पोरं निघायची, खेळ चालू राहायचा. ते अकोल्याचे, मी अमरावतीचा. वऱ्हाडातल्या निम्म्या मैदानांवर आम्ही सोबत पंचगिरी केली, उन्हात भाजलो आणि दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या.

मी पुस्तकी. नियम मोडला की वाजवायचो. ते म्हणायचे, "शिट्टी तं कोनीबी फुकते. त्या चुकीनं कोनाचं नुकसान झालं का, थे पाह्य आधी." ऐकून ऐकून वीट यायचा, पण माणूस खोटं बोलत नव्हता.

अकोल्यातच मुलींचा अंतिम सामना होता. नेमलेल्या पंचाला ऊन लागलं आणि माझ्यासोबत भाऊंना उभं राहावं लागलं. त्यांची मुलगी पल्लवी अकोल्याकडून खेळत होती, म्हणून ते नको नको म्हणत होते. पहिल्या सत्रात अमरावतीच्या एका मुलीने चेंडूला टप्पा न देता नियमापेक्षा एक पाऊल जास्त टाकलं. आसपास कुणी नव्हतं, चेंडूही तिने मागेच दिला. ती बाजू भाऊंकडे होती, त्यांनी सोडून दिलं. शेवटी अकोला एका गुणाने मागे असताना पल्लवीने तसंच जास्तीचं पाऊल टाकून समोरच्या मुलीला चुकवलं आणि बास्केट केलं. पण भाऊंची शिट्टी आधीच वाजली होती. बास्केट रद्द झालं, सामना गेला.

"तिचं सोडलं, माहं काहून धरलं?" पल्लवीने सगळ्यांसमोर विचारलं.

"तिच्याजोळ कोनी नोतं. तू पोरीले चकवून गेली, बाई."

त्यानंतर अकोल्यात, त्यांच्या जठारपेठेत जो भेटेल तो हेच विचारायचा, की पोटच्या पोरीला हरवून काय मिळालं? आधी आधी भाऊ टपरीवर माचिसच्या काड्या मांडून समजावायचे. मग थकले. घरी पल्लवी जेवायला वाढायची, पण खेळाचं नाव काढायची नाही. "लोकायचं सोड, तिले तरी पटाले पायजे होतं," एवढंच एकदा मला म्हणाले. पुन्हा त्यांनी शिट्टी हातात धरली नाही. मला फार वाईट वाटायचं.

यंदा भाऊ गेले. भेटायला गेलो तर पल्लवीने पाणी आणून दिलं आणि समोर बसली.

"काका, तुमी तं समोरच होते. पाऊल जास्तीचं पडलं होतं ना माहं?"

"पडलं होतं."

"मले तवाच समजलं होतं," ती म्हणाली. "बाबाले सांगाचं राहून गेलं."