मलाही न्या की

चौदाव्या वर्षी मी एका घिसाडणीला म्हटलं होतं, "मावशी, तुमचं किती बरं! मलाही न्या की." एवढा मूर्खपणा मी पुढं लग्न करतानासुद्धा केला नाही.

आज सुनेच्या तापल्या तव्यावर पाणी सांडलं, चर्र झालं, आणि ओल्या लोखंडाच्या त्या वासानं मला लोणावळ्याच्या माळावर नेऊन उभं केलं. तेव्हा मी कादंबऱ्यांतले भटके वाचून वाचून शेफारले होते. घर म्हणजे पिंजरा, खरं जगणं पालातलं! आणि भाताला जरा उशीर झाला, की हीच पिंजऱ्यातली मैना घर डोक्यावर घ्यायची.

घिसाड्याकडं धार लावायला टाकलेली विळी आणायला गेले, तर पालं गुंडाळून गाडीवर चढली होती. आणखी दोन दिवस राहू द्या म्हणून घिसाडी पाटलाच्या पाया पडून आला होता. पाटलानं दुपारच्या आत माळ सोडायला सांगितलं. फक्त माझ्या विळीला पाणी द्यायचं राहिलं होतं. गाडीखाली पोराची झोळी रिकामी लोंबत होती. ती मला दिसली, पण कळली नाही. तेव्हाच मी माझं ते वाक्य फेकलं.

घिसाडीण हसली नाही, रागावलीही नाही. तिनं तापलेली विळी चर्रकन पाण्यात बुडवून माझ्या हातात दिली आणि करंजाखालच्या ताज्या मातीकडं बोट करून, विळीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली,

"पोर काल तितं पुरलंय. तू हितंच ऱ्हातीस न्हवं? मग येताजाता बघत जा बाय, कुत्री उकरत्यात."