नवस फेडलेल्या माणसाची गोळी

माझ्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मी पन्हाळ्याच्या एस.टी.त तिकिटं फाडत होतो. गाडीत माणसं इतकी की आत घेतलेला श्वास बाहेर सोडायला दुसऱ्याची परवानगी लागावी. डावा हात चिल्लर काढायला कातडी पिशवीत गेला आणि तिथंच मुक्कामाला राहिला. पाठोपाठ डावा पायही बसला. डॉक्टर म्हणाले, मेंदूकडं जाणारी रक्ताची वाट तुंबली. जिभेला मात्र काही धक्का लागला नाही, हे कोल्हापुरातल्या आमच्या शिवाजी पेठेचं दुर्दैव.

पुढं काठी टेकत चालायला लागल्यावर मी सरकारी दवाखान्यात तपासायला जायचो आणि बाकावरच्या माणसांना माझी कथा सांगत बसायचो. प्रत्येक खेपेला गाडीतली माणसं वाढायची आणि घाट उंच व्हायचा. एके दिवशी डॉक्टर वैतागून म्हणाले, "एवढं बोलताय तर जरा उपयोगाचं बोला. एकदा वारं गेलेली माणसं बरं वाटलं की गोळ्या सोडतात, तंबाखू धरतात आणि परत पडतात. माझं कोणी ऐकत नाही. तुमचं ऐकतील. तुम्ही पडून आलाय."

अशी आमची मंडळी जमली. रविवारी सकाळी पोरांची मेहनत आटोपली की पेठेतल्या तालमीत लाल मातीच्या हौद्याच्या काठावर आम्ही बसायचो. जागा तालमीच्या वस्तादांनी दिली, कारण उजव्या अंगानं तेही एकदा आडवे झाले होते. आमच्यात एक शिंपी होते, सगळे त्यांना टेलर चाचा म्हणत. त्यांचा उजवा हात गेला होता आणि शब्द तोंडातून एकेक करून, उसवलेल्या शिवणीसारखे यायचे. पेठेनं आमचं नाव ठेवलं 'लुळ्यांची तालीम'. आम्ही ते मानानं मिरवलं.

काम साधं होतं. ज्याला नव्यानं वारं गेलं असेल त्याच्या घरी आमच्यातला एक जण जायचा, आणि तो ऐन जेवणाच्या वेळी. कारण नुसतं विचारलं तर प्रत्येक बाई म्हणणार, "आमच्यात मीठ कमीच हाय की वो!" आणि कोल्हापुरात दारात आलेल्या पावण्याला न जेवता कोण सोडतंय? मग त्याच्याच ताटातलं चाखायचं. एका घरात मी अशी आमटी प्यालो की उतारा म्हणून अख्खा रंकाळा तलाव प्यालो असतो तरी भागलं नसतं. चाखून झालं की आमटीतलं मीठ कमी करायला, लोणचं-पापड उचलायला सांगायचं आणि आपला लुळा हात ताटाशेजारी ठेवायचा. तो हात बघितला की माणूस बाकीचं ऐकायचा. बरं वाटो न वाटो, गोळी रोज. तंबाखू, मिश्री बंद. आणि रविवारी तालमीत येऊन प्रेशर मोजून घ्यायचं, डॉक्टर मशीन घेऊन यायचे.

गोळी चुकवणाऱ्याला झाडायचं काम वस्तादांचं. त्यांनी आवाज टाकला की शेजारच्या गल्लीतली म्हैस पान्हा चोरायची. म्हणून त्यांच्या घरी मीठ चाखायला जाणं म्हणजे नुसती रीत. मी आपला निवांत गेलो. आमटी बेताची होती. शाबासकी द्यायला तोंड उघडलं, तोच वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "भावजी, मिठाचं ऱ्हाऊ द्या. ह्यांनी गोळ्या सोडल्यात."

वस्ताद शांतपणे भात कालवत होते.

"सोडल्यात म्हंजे?"

"जोतिबाला बोललोतो," ते म्हणाले, "माझ्या पायानं डोंगर चढीव, गुलाल-खोबरं उधळीन. चढलो. उधळलं. नवस फिटला. आता वर गोळी गिळली तर देव म्हणंल, ह्या गड्याचा माझ्यावर इस्वास न्हाय."

"वस्ताद, तुम्हीच दुसऱ्याला सांगता की..."

"त्यांनी नवस केला नव्हता."

मी मी म्हणणाऱ्या प्रवाशांना घाटात उतरवलेला माणूस मी, पण तिथं हात धुतले आणि जाऊन डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी आम्हाला बजावून ठेवलं होतं, पहिल्या खेपेला हातपाय गेले, दुसऱ्या खेपेला माणूस जाईल. पुढच्या रविवारी डॉक्टरांनी वस्तादांच्या दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, काट्याकडं बघितलं. मग दुसऱ्या दंडाला बांधून परत बघितलं. काटा दोन्ही खेपेला नको तितका वर. त्यांनी गोळ्यांची पुडी वस्तादांच्या हातात ठेवली. वस्तादांनी ती कपाळाला लावली आणि देवळीत मारुतीपुढं ठेवून दिली. तिथंच ती पडून राहिली.

त्यात आली गडमुडशिंगीची जत्रा. कुस्त्यांच्या मैदानात पंच म्हणून वस्तादांना बोलावणं. आम्ही हातापाया पडलो, उन्हात उभं राहू नका.

"मी न्हाय गेलो तर कुस्त्या तुझा बा सोडवणार काय?" ते म्हणाले आणि फेटा बांधून निघाले. मी आणि चाचा त्यांच्याच टेम्पोत चढून बसलो. वस्ताद पुढं, आम्ही मागं, आणि आमची नजर त्यांच्या मानेवर.

मैदानात माणूस मावत नव्हता. झाडांवर पानं कमी आणि पोरं जास्त. हलगी कडाडत होती. ऊन असं की डोक्यावर पापड धरला तर भाजून निघावा. मी कुस्ती बघतच नव्हतो. वस्तादांचं तोंड वाकडं होतंय का, पाय ओढतोय का, एवढंच बघत होतो. चाचांनी डाव्या हातानं माझी बाही धरून ठेवली होती.

शेवटची मोठी कुस्ती लागली. गावचा पैलवान आणि सीमेपलीकडून आलेला पाहुणा पैलवान. पाहुण्यानं गावच्या गड्याला अस्मान दाखवलं. हलगी थांबली. वस्ताद पुढं झाले, त्यांनी जिंकलेल्या पैलवानाचं मनगट धरलं. आता हात वर करायचा, की निकाल लागला.

हात वर गेला नाही.

मनगट वस्तादांच्या मुठीतून घसरलं. त्यांनी परत धरलं, परत घसरलं. ते आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिले, तो हात दुसऱ्या कुणाचा असल्यासारखं.

माणसांना वाटलं, पंच निकाल देत नाही. "गाववाल्याची बाजू घेतोय रं!" पाहुण्याच्या बाजूनं एक ओरडला. "पैलवान चीत हाय! हात वर करा!" गावची माणसं उठली, "कुस्ती परत लावा!" एक चप्पल आली, मग दुसरी. वस्तादांच्या तोंडून अशा वेळी जी शिवी निघायची ती ऐकायला माणसं लांबून यायची. वस्तादांनी तोंड उघडलं. नुसता घोगरा आवाज आला. ओठाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता.

मला कळलं. परत वारं गेलं होतं. माणसं आखाड्यात घुसायला लागली होती. ह्या रेट्यात वस्ताद खाली पडले असते तर त्यांना उचलायलाही कोणाला वाट मिळाली नसती. माझ्याकडं एकच हत्यार होतं. बारा गावच्या गाड्या ज्या गळ्यानं भरल्या तो गळा मी मोकळा सोडला.

"थांबा! वस्तादांचं आज मौन हाय! नवसाचं मौन हाय! हात वर करायचा न्हाय न् बोलायचं न्हाय, असं देवाला बोललेत! पाहुणा जिकला! हलगी वाजवा!"

देवाशपथ, धादांत खोटं. पण नवसाचं नाव काढल्यावर कोल्हापूरचा माणूस काय करणार? उगारलेली चप्पल खाली गेली. एकानं तर वस्तादांना हात जोडले. हलगीवाल्यानं टिपरू हाणलं, पाहुण्याला पोरांनी खांद्यावर घेतलं, आणि त्या गोंधळात मी आणि चाचा, दोघांत मिळून दोन चांगले हात, वस्तादांना ओढत लिंबाच्या झाडाखाली घेऊन आलो.

त्यांना आडवं केलं. टेम्पोवाला गाडी काढायला पळाला. मी वस्तादांचा हात चोळत राहिलो. गाडी गर्दीतून वाट काढत येईपर्यंत बोटं हळूहळू हलायला लागली. ओठ सरळ झाला. वस्ताद उठून बसले.

"काय झालं न्हाय," ते म्हणाले. "ऊन लागलं. आलं न् गेलं. बघ, देवानं राखलं. घरला चला."

टेम्पो समोर उभा. वस्ताद पुढं बसून पेठेकडं बोट दाखवायला लागले. मी म्हणालो दवाखाना, ते म्हणाले घर. टेम्पोवाला दोघांकडं बघत राहिला.

तेव्हा चाचांनी टेम्पोच्या दारात हात घातला. त्यांना बोलायला नेहमी वेळ लागायचा. त्या दिवशी तर एकेका शब्दाला युग गेलं.

"माझं बी... असंच... आलतं," चाचा म्हणाले. "कपातला... च्या... थंड हुईस्तवर... गेलं. हसलो. बायकूला... सांगितलं न्हाय. दुसऱ्या दिशी... कातर... हातातनं..." पुढचा शब्द सापडेना. त्यांनी आपला उजवा हात डाव्या हातानं उचलला आणि वस्तादांच्या मांडीवर ठेवला. वाळलेला, बोटं मिटलेली.

वस्ताद त्या हाताकडं बघत राहिले. "तू हे कधी बोलला न्हाईस."

"बोलाय... येतंय... कुठं?"

वस्ताद हसले नाहीत. त्यांनी दाराबाहेर थुंकलं, फेटा काढून मांडीवर ठेवला आणि टेम्पोवाल्याला म्हणाले, "दवाखान्याकडं घे."

वाटेत पेठेतून वहिनींना घेतलं. त्या नुसत्या नवऱ्याच्या ओठाकडं बघत होत्या. डॉक्टरांनी भरती करून घेतलं, सगळं तपासलं, गिळताना अडकत नाही ना हेही बघितलं. मग सिस्टरनं गोळी आणि पाण्याचा पेला दिला.

वस्तादांनी गोळी तळहातावर घेतली. आम्ही तिघं खाटेभोवती उभे.

"जोतिबा कुठल्या अंगाला हाय?" त्यांनी विचारलं.

मी भिंतीकडं बोट केलं, चाचांनी खिडकीकडं. वस्ताद खवळले. "दोघंबी जलमभर कोल्हापुरात, आन् डोंगर ठाऊक न्हाय?"

"आजोबा, गोळी घ्या की," सिस्टर म्हणाली.

वस्ताद खिडकीकडं वळले. कुजबुजल्यासारखं बोलले, पण त्यांचं कुजबुजणं म्हणजे वॉर्डच्या दारातही ऐकू जाणारं. "देवा, डोंगर चढीवलास, ते फिटलं. ह्ये निराळं हाय. ह्यात तुझा शब्द खोटा पडत न्हाय. माझं डोकं ठिकाणावर यायला उशीर झाला, एवढंच." त्यांनी गोळी तोंडात टाकली. वरून पेला रिकामा केला, थोडं पाणी गळ्यावर सांडलं. गोळी खाली गेली.

आम्ही श्वास सोडला. वहिनींनी सोडला नाही.

"उद्याची?" त्यांनी विचारलं.

"उद्याचीबी."

"परवाची?"

"आता सगळ्या हितंच इचारतीस व्हय?"

"व्हय," वहिनी म्हणाल्या, आणि पदरानं त्यांच्या गळ्यावरचं पाणी पुसून स्टुलावर बसल्या.