छापील बाजू आत

तलासरीच्या पाड्यांत फ्लेक्स वाया जात नाही. नाक्यावरून उतरला की तो लाकूडफाट्यावर, पेंढ्यावर किंवा गळक्या पडवीवर जातो. पांघरताना पांढरी बाजू वर ठेवतात, छापील बाजू आत. नाहीतर पावसात रंग उतरतो. त्यामुळे कोणाच्याही पडवीत मान वर केली की एखादा पुढारी हात जोडून खाली बघत असतो.

माझ्या मावशीच्या पडवीत तिचा मुलगा आहे.

त्या फ्लेक्सचा मजकूर मी लिहिला होता. मी वर्तमानपत्रात काम करतो, म्हणून घरातले असली कामं माझ्याकडे देतात. मावसभाऊ तेव्हा हायवेलगतच्या एका कारखान्यात पॅकिंगला होता. स्वतःच्या वाढदिवसाचा फ्लेक्स त्याने स्वतःच करायला दिला आणि नावाआधी 'युवा उद्योजक' हवं म्हणाला. कसला उद्योग, असं मी विचारलं. "दादा, फ्लेक्सवर कोण चौकशी करतं?" खाली शुभेच्छुक म्हणून मित्रांचे गोल फोटो होते. त्यातल्या दोघांना ते फ्लेक्स लागल्यावरच कळलं.

फोटोसाठी आम्ही डहाणूच्या किनाऱ्यावर गेलो. जॅकेट एका मित्राचं होतं, गॉगल दुसऱ्याचा. मोबाइल मात्र त्याचा, नवा. तो त्याने कानाला लावला होता. पलीकडे कोणी नव्हतं. फ्लेक्स नाक्यावर लागला तेव्हा त्याखाली उभं राहून त्याने पुन्हा फोटो काढून घेतला, स्टेटसला ठेवला आणि माझ्याशी बोलता बोलता, कोणी कोणी पाहिलं ती नावं उघडून बघत राहिला. मावशीचं नाव त्यात येणं शक्य नव्हतं. तिच्याकडे साधा फोन होता.

पुढच्या वाढदिवसाआधीच हायवेवर मोटारसायकलच्या अपघातात तो गेला.

श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी त्याच्या मित्रांसोबत मी डहाणू रोडच्या दुकानात गेलो. वाढदिवसाची फाईल कॉम्प्युटरवर तशीच होती. दुकानदाराने शुभेच्छुक काढले, फोटोतला रंग काढला, कडेने हार लावला, कोपऱ्यात समई ठेवली. मोबाइल काढता येईल का, असं एकाने विचारलं. हात काढला तर अर्धा गाल जातो, असं दुकानदार म्हणाला. मोबाइल राहिला. 'युवा उद्योजक'ही राहिलं.

त्या दिवशी ओळखीतल्या बहुतेकांनी त्याला स्टेटसला ठेवलं. अपघातातून वाचलेला त्याचा मोबाइल मावशीकडे होता. शेजारची मुलगी तिला एकेक स्टेटस उघडून दाखवत होती आणि मावशी पुढचं दाखव म्हणत होती. तेवढ्यात एका मित्राचा मला फोन आला. श्रद्धांजलीचं स्टेटस पाहिलेल्यांत त्याला मावसभावाचं नाव दिसलं होतं. मोबाइल कोणाकडे आहे ते मी सांगितलं. त्याला ते पटलं, तरी त्याने स्टेटस काढून टाकलं. बाकीच्यांचं दुसऱ्या दिवशी आपोआप गेलं.

संध्याकाळी मावशीने मोबाइल माझ्यापुढे धरला.

"काल सगळ्यांकडे होता. आज कुठे गेला?"

ते एका दिवसाने आपोआप पुसलं जातं, कोणी मुद्दाम काढलेलं नाही, असं मी तिला समजावलं. तिने ऐकून घेतलं.

"मग ह्याच्यात राहतं कोण?"

दिवसकार्य आटोपल्यावर तिने लाकडांवरचा वाढदिवसाचा फ्लेक्स काढला, धुतला आणि पडवीवर घालून घेतला. श्रद्धांजलीचा नवा आणि जाड आहे, तो घाल, असं लोकांनी सुचवलं. हाराचा नको, म्हणाली. खाट तिने पडवीतच आणली. सकाळी ऊन वरून आलं की तो आतून उजळतो, आणि ती उठून बसेपर्यंत त्याच्याकडे बघत असते.

ऊन आणि पावसाने फ्लेक्स आता विरला आहे. कानापाशी बारीक भोकं पडली आहेत. गेल्या खेपेस मी गेलो तेव्हा तिने तसाच दुसरा छापून आणायला सांगितलं. खालची पोरं नकोत, त्यांची घरं आहेत. गॉगल काढता आला तर काढ, डोळे दिसत नाहीत. मोबाइलचं काय करू, असं मी विचारलं.

"तो राहू दे. बोलतोय ना कोणाशी तरी."

फोटो काढताना मी शेजारी उभा होतो, हे मी तिला सांगितलं नाही. दुकानात गेलो. फाईल अजून होती.